मुकी पिन

दुसऱ्याची चूक दाखवण्यात जे सुख आहे, त्याची सर बासुंदीलाही नाही. माझा तर तो पोटापाण्याचा धंदाच. मराठीचा प्राध्यापक या नात्याने मी आजवर किती वेलांट्या पहिल्याच्या दुसऱ्या आणि दुसऱ्याच्या पहिल्या केल्या, त्याची मोजदाद नाही. तांबडी शाई माझ्या खिशात कायम असते. पण गेल्या पावसाळ्यात एका रविवारी ती माझ्यावरच सांडली.

चिरंजिवांनी घरीच कॉम्प्युटर जुळवायचा बेत केला होता. त्यासाठी आम्ही बापलेक अख्खा शनिवार लॅमिंग्टन रोडवर हिंडलो. रात्री बदलापूरला आमच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून जुळवाजुळव सुरू झाली. प्रोसेसर म्हणजे या यंत्राचा मेंदू. आमचा होता एएम-फोर जातीचा. आकाराने मारी बिस्किटाहून लहान, आणि पोटाखाली सुईच्या टोकासारख्या १३३१ पिना! तो खाचेत आपल्याच वजनाने बसला पाहिजे. जोर लावायचा नाही. मुलाने तो देवाच्या मूर्तीसारखा अलगद ठेवला, बाजूची दांडी खाली केली, वर पंखा बसवला आणि उरलेल्या वायरी उद्यावर टाकून तो झोपला.

सकाळी तो क्लासला गेला आणि माझ्यातला परीक्षक जागा झाला. पोराने पंखा नीट बसवला असेल ना? पंख्याच्या बुडाला एक करडा लेप असतो. प्रोसेसरची उष्णता त्यातून वर जाते. तो सगळीकडे सारखा लागला आहे की नाही, एवढेच मला पाहायचे होते. मी स्क्रू काढले आणि पंखा सरळ वर ओढला. आधी तो हलकेच डावीउजवीकडे फिरवून लेपाची पकड सोडवायची असते, हे ज्ञान मला नंतर झाले. दांडी लागलेली असतानाही प्रोसेसर लेपाला चिकटून, दात उपटावा तसा उपटून आला. गडबडीने मी तो टेबलावर टेकवला, तो नेमका पिनांवरच. उचलून पाहतो तर एका कोपऱ्यातल्या चारपाच पिना आडव्या!

मग मी जे केले ते सांगायला आजही जीभ जड होते. मी ते सारे पुन्हा जागच्या जागी ठेवले आणि वर्तमानपत्र वाचत बसलो.

संध्याकाळी मुलाने पंख्याला हात लावताच तो प्रोसेसरसकट हातात आला. पोराचा चेहरा उतरला. "बाबा, दांडी नीट लागली नसणार. माझंच चुकलं," तो म्हणाला. मी नुसते "हं" म्हणालो. तो न जेवता आत गेला. सौभाग्यवतींनी व्यवहार्य तोड सुचवली, "अहो, दुकानदाराला सांगा ना, उघडलं तेव्हाच असं होतं म्हणून." तेवढे ऐकले आणि माझ्या घशाखाली घास उतरेना. एक खोटे पचले नव्हते, तोच दुसरे पानात वाढले जात होते.

उठून मुलाच्या खोलीत गेलो आणि सारे सांगितले. तो क्षणभर पाहत राहिला. मग एवढेच म्हणाला, "आधी सांगितलं असतंत तर मी जेवलो असतो."

दुसऱ्या दिवशी मधले अंबरनाथ ओलांडून आम्ही उल्हासनगरला उतरलो. या गावाच्या नकली मालावर आणि 'मेड इन यूएसए'च्या विनोदावर मी आयुष्यभर हसत आलो आहे. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत येऊन पडलेल्या सिंधी निर्वासितांनी शून्यातून उभारलेले हे गाव. १९४९ मध्ये त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले. त्या दिवशी मात्र मला हसू आले नाही. फुटका माल धड म्हणून खपवायचा विचार आदल्या रात्री माझ्याच घरात झाला होता.

मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका चिंचोळ्या दुकानात पिकल्या केसांच्या गृहस्थांनी प्रोसेसर भिंगाखाली धरला. "किसने किया?" मुलाने तोंड उघडण्याआधीच मी म्हणालो, "मैंने." ते हसले. बारीक सुईने, श्वास रोखून, एकेक पिन त्यांनी उभी केली. "साहब, एक बार सीधी हो जाती है. बार-बार मोड़ो, तो टूटती है." एक पिन तुटलीच. पण ते म्हणाले, लावून पाहा; विजेच्या ये-जा करणाऱ्या पिना पुष्कळ असतात, एखादी गेली तरी बाकीच्या काम निभावतात. आणि तसेच झाले. त्या रात्री यंत्र सुरू झाले, ते आजतागायत सुरू आहे.

मराठीतही असे घडले आहे. १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी उच्चारात न येणारे अनुस्वार काढून टाकले. मराठीचे काही अडले नाही. आमची तुटलेली पिन तसलाच एक मुका अनुस्वार निघाली. पण त्या संध्याकाळचे माझे मौन तसे नव्हते. त्या एका "हं"ने सगळ्या वाक्याचा अर्थ बदलला होता, आणि ते वाक्य एक पोर उपाशीपोटी वाचत होते.

तांबडी शाई अजून खिशात आहे. मात्र हल्ली एखाद्या पोराची वही तपासताना मध्येच थांबतो, आणि वाकडी वेलांटी सरळ करताना हात जरा हलका ठेवतो.