सवलतीची यादी

वाघबीळ, घोडबंदर रोड, ठाणे

चि. राणीस,


काल तू फोन केलास तेव्हा बस कापूरबावडीला अडकली होती आणि आजूबाजूला तुझ्याच कॉलेजची मुलं होती, म्हणून मी बोलणं आवरतं घेतलं. परीक्षा विभागाचं टेबल तुझ्याकडे आलंय आणि अपंगत्वामुळे परीक्षेत सवलत मिळणाऱ्या मुलांची यादी नोटीस बोर्डावर लावायला सांगितलंय, एवढं समजलं. ती लावू नकोस. नावापुढे आजार लिहिलेली तर मुळीच नको.

बोर्डावर आसनक्रमांक, खोली आणि वेळ पुरते. तेही सगळ्यांच्या यादीतच, वेगळं शीर्षक न देता. अमुक मुलीला तासाला 20 मिनिटं जादा द्यायची, हे पर्यवेक्षकाला कळायलाच हवं. तिचा हात अध्ययन अक्षमतेमुळे सावकाश चालतो की स्नायूंच्या आजारामुळे, याच्याशी त्याला काय करायचंय?

कागद मागावे लागतात, हे मला मान्य आहे. 2016 च्या अपंग हक्क कायद्याने उच्च शिक्षणात 5 टक्के जागा राखून दिल्या, त्यासाठी किमान 40 टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतंच. 2024 साली प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकारी पूजा खेडकर यांच्या अपंगत्व प्रमाणपत्राचं प्रकरण गाजलं, तेव्हापासून तर लोक प्रत्येक प्रमाणपत्राकडे संशयाने बघतात. ज्यांचा त्या प्रकरणाशी काडीचा संबंध नाही, त्या मुलांना त्याचा जाच होतो. खरेपणा तपासायचा तर यूडीआयडी म्हणजे अपंगत्व ओळखपत्राच्या क्रमांकावरून तपास, शंका आली तर रुग्णालयाला लिही. वर्गातल्या पोरांपुढे हा पंचनामा कशाला?

अध्ययन अक्षमतेचा एखादा रिपोर्ट सवडीने वाच, म्हणजे मी एवढी का तळमळते ते कळेल. प्रमाणपत्र पान-दोन पानांचं. त्याला जोडलेल्या तपासणीत बुद्ध्यांकाचा आकडा असतो, मूल कधी चालायला-बोलायला लागलं ते असतं, शाळेतलं अपयश असतं, घरातल्या कुरबुरीही असतात. आईने बंद दाराआड डॉक्टरांना सांगितलेलं हे सगळं. पोरं तो गठ्ठा प्रिंटसाठी कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि फाईल त्याच्या कॉम्प्युटरवर तशीच राहते. मग कुणी सर म्हणतात, वर्गाच्या ग्रुपवर टाका, मी बघतो. मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत एकाच टॉवरमध्ये विद्यार्थी, प्राध्यापक आणि क्लासवाले राहतात गं. दुपारी कॉलेजात फुटलेली गोष्ट संध्याकाळी सोसायटीत पोचते, आणि मुलीच्या लग्नाच्या वेळी कोण काय उकरून काढेल याचा नेम नाही.

माझ्या नोकरीत एका मुलाचा असा रिपोर्ट उघडाच स्टाफरूममध्ये फिरला होता. पुढच्या सत्रात त्याने लेखनिक मागितलाच नाही. हात भरून येईपर्यंत स्वतः लिहीत बसला आणि पेपर अर्धा सुटला. सवलत कागदावर होती, पण ती घ्यायला यायची त्याची हिंमत आम्ही घालवली होती.

2007 साली भारताने संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्कांचा करार मान्य केला. अपंगांच्या आरोग्याची माहिती गुप्त ठेवा, असं त्याचं 22 वं कलम सांगतं. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायमूर्तींनी 2017 साली दिला. मला खटकतो तो 2023 चा डेटा संरक्षण कायदा. कंपन्यांसाठीच्या 2011 च्या नियमांत शारीरिक-मानसिक आरोग्याची माहिती 'संवेदनशील' म्हणून वेगळी काढली होती. नव्या कायद्यात तसा वेगळा वर्गच नाही, म्हणजे मोबाइल नंबर आणि मनोविकाराचं निदान एकाच पंगतीला बसवलंय. हे मला अजिबात पटत नाही.

अमेरिकेतल्या विद्यापीठांत विद्यार्थी आपले कागद एका ठरावीक कार्यालयात देतो. प्राध्यापकाला पत्र जातं ते फक्त काय सोय करायची याचं, निदान त्यात नसतं. तुझ्या टेबलावर हे उद्यापासून होऊ शकेल. प्रमाणपत्र बघ, लागेल तेवढीच प्रत ठेव, जोडलेला रिपोर्ट मागूच नकोस. कपाटाची किल्ली स्वतःकडे ठेव. आणि खिडकीवर रांग असताना "तुला नक्की काय आहे?" असं कुणाला विचारू नकोस. बाजूला बोलावून घे.

प्राचार्यांशी बोलायला अवघड वाटत असेल तर रविवारी ये, टिपणाचा मसुदा आपण दोघी करू. येण्याआधी एवढं विचारून ठेव: मागच्या वर्षीची यादी बोर्डावरून उतरवली का, आणि ग्रुपवर टाकलेल्या फाईली कोणाकोणाच्या फोनमध्ये अजून आहेत?

तुझी,
मावशी