डॉक्टरांनी वापरलेली डिझेल

कराड

चि. केतकीस,


फोटो आणि दोन्ही गाड्यांची माहिती मिळाली. फोनच केला असता, पण फोनवर तू 'हो मामा, हो मामा' करतेस आणि शेवटी एजंट सांगेल तेच ऐकतेस. कागदावर लिहिलेलं निदान भाऊजी तरी वाचतील.

दोन्ही स्विफ्ट, दोन्ही डिझेल, दोन्ही 2013 च्या. एक डॉक्टरांची, मीटर 58 हजार, सीटकव्हरवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. दुसरी बियाणं कंपनीच्या प्रतिनिधीची, 1 लाख 64 हजार चाललेली, बंपर खरचटलेला. पहिलीचे अकरा फोटो आणि दुसरीचे दोन, यावरूनच तुझं मन कुठे आहे ते कळलं. मी असतो तर आधी दुसरी बघायला गेलो असतो. त्याचं कारण जरा लांबचं आहे, ते सांगतो.

'डिझेल मरत नाही' असं जे तुला ऑफिसात सांगतात, ती कीर्ती जुन्या इंजिनांनी कमावलेली आहे. क्वालिसचं 2.4 लिटरचं इंजिन घे, किंवा पहिल्या इंडिकाचं. साधा यांत्रिक पंप, दाब कमी, कॉम्प्युटर नाही. डिझेलमध्ये थोडी घाण आली तरी खोकत खोकत घरी आणायची. चार-पाच लाख किलोमीटर झालेल्या क्वालिस माझ्या गॅरेजमध्ये हेड न उघडता आलेल्या आहेत. इंडिका तेवढी चिवट नव्हती, पण पान्याने दुरुस्त व्हायची आणि खिसा फाडायची नाही.

तू बघतेस ती गाडी पुढच्या पिढीची, कॉमन रेल. 1248 सीसी, मूळ फियाटचं इंजिन. मारुतीने ते परवान्यावर मानेसरला बनवलं आणि आपल्या रांजणगावला फियाट-टाटांसाठी बनत होतं. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, एर्टिगा, व्हिस्टा, मांझा, पुंटो, लिनिया, सगळ्यांच्या बॉनेटखाली हेच, म्हणून लोक त्याला गमतीने राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. मारुतीने एप्रिल 2020 पासून डिझेल गाड्या बंद केल्या, तरी पार्ट गावोगाव मिळतात आणि मेस्त्रींचा हात बसलेला आहे. इंजिन उत्तम, त्याबद्दल वाद नाही. टायमिंगला पट्टा नसून चेन आहे. डस्टर किंवा लोगनच्या दीड लिटर डिझेलला पट्टा असतो आणि तो वेळेवर बदलला नाही तर तुटून व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. ती भीती इथे नाही. पण चेन ऑइलवर जगते. ऑइल बदलायला वर्ष-दीड वर्ष टाळाटाळ केली की ती सैल होते, आणि मग सकाळी सेल मारल्यावर पुढून खडखड येते.

आता डॉक्टरांकडे येऊ. 2012 च्या सुमारास पेट्रोल आणि डिझेलमध्ये लिटरमागे तीस रुपयांच्या आसपास फरक होता. ज्याला त्याला डिझेलच हवी होती, स्विफ्टला महिनोन् महिने वेटिंग होतं. 2014 च्या ऑक्टोबरात सरकारने डिझेलच्या किमतीवरचं नियंत्रण काढलं, फरक आटत गेला, पण तोवर ज्यांचं रोजचं रनिंग पाच किलोमीटर होतं त्यांनीही डिझेल दारात उभी केली होती. आज जुन्या बाजारात 'कमी चाललेली' म्हणून येतात त्या बहुतेक याच. घर ते दवाखाना दोन किलोमीटर, इंजिन गरम व्हायच्या आत बंद. अशा वापराने धूर परत इंजिनात सोडणारा इजीआर व्हॉल्व्ह काजळीने गच्च होतो, हवेचा रस्ता अरुंद होतो. ऑइल न चालताच म्हातारं होतं. सर्व्हिस 'दहा हजार झाले की' करायची म्हणून दोन-दोन वर्षं होत नाही, कारण दहा हजार होतच नाहीत.

बियाणंवाला मात्र सांगली ते पुणे, सांगली ते सोलापूर हायवेने पळाला असेल. तासाला ऐंशीने जाणारं गरम इंजिन स्वतःला साफ ठेवतं. बिलं असली तर दीड लाख किलोमीटर या इंजिनाला जड नाही. जड जातं ते त्याच्या भोवती लटकवलेल्या गोष्टींना: इंजेक्टर, टर्बो, क्लच, फाउंडेशन. तुझ्या टायरमध्ये हवेचा दाब दोन-सव्वादोन बार असतो आणि रेलमध्ये डिझेलचा हजाराच्या वर. इतक्या दाबाला इंजेक्टरची सुई केसाएवढीही झिजून चालत नाही. पाणी किंवा रॉकेलची भेसळ त्याला विषासारखी. चारही इंजेक्टर बदलायची वेळ आली तर गाडीच्या किमतीचा चांगला लचका जातो.

म्हणून बघायला जाशील तेव्हा सकाळी लवकर जा आणि 'मी येईपर्यंत चालू करू नका' असं आदल्या दिवशी सांगून ठेव. तरी पोचल्यावर बॉनेटवर हात ठेव. कोमट लागलं तर विचार, का? थंडीत पहिल्या सेलला क्षणभर पांढरा धूर चालतो, हीटर प्लग जुने असतील. तो जातच नसेल तर मात्र नीट तपासायला हवं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा किंवा टर्बोचं सील. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण काढून उलटं तिथेच ठेव. थोडं थरथरलं तर ठीक, उडून पडायला लागलं आणि भपभप वाफ आली तर बॅक कॉम्प्रेशन आहे, नमस्कार करून निघ. मग रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये दीड हजार आरपीएमवरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाब आणि आरशात बघ. काळ्या धुराचा लोट आणि दोन हजारानंतरही ओढ नाही, म्हणजे टर्बो, इजीआर किंवा इंजेक्टर, तिघांपैकी कोणीतरी.

मीटरवर विश्वास ठेवू नकोस, तो मागे फिरवणारे सांगलीतही आहेत. पेडलचं रबर, स्टिअरिंगची झिलई आणि गाडी नंबरवरून कंपनीच्या वर्कशॉपमधला सर्व्हिस रेकॉर्ड या तिन्हींची गोष्ट जुळली पाहिजे.

आणि तुझ्या मैत्रिणीने सुचवलेली दिल्लीची गाडी सोड. तिथे दहा वर्षांपुढच्या डिझेलवर हरित लवादाने 2015 साली टाच आणली, त्यामुळे त्या स्वस्तात बाहेर आल्या. पण एनओसी आणा, इथला रोड टॅक्स भरा, आरटीओला खेटे घाला, एवढं झाल्यावर स्वस्ताई कुठे उरते? तसं पाहता 2013 च्या गाडीची 15 वर्षं 2028 ला भरतात. पुन्हा नोंदणी, फिटनेस, पर्यावरण कर. भाव करताना हे काढ, डॉक्टर असोत वा बियाणंवाला.

भाऊजी विचारतील, मग बीएस सिक्सची नवी डिझेल का नको? तिच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. साचलेली काजळी सहाशे अंशांच्या आसपास तापवून जाळावी लागते, त्याला सलग पंधरा-वीस मिनिटं मोकळा रस्ता हवा. तू विश्रामबागहून बँकेत जाणार. ते जाळणं दर वेळी अर्धवट राहील, जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरेल आणि डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसेल. म्हणजे सांगलीतल्या सांगलीत फिरायचं तर खरं उत्तर पेट्रोल आहे. पण तुझी बदली सोलापूरला होणार आणि दर शनिवारी घरी यायचं हे पक्कं असेल तर डिझेलला माझी हरकत नाही.

टोकन आत्ता देऊ नकोस. बियाणंवाल्याला म्हणावं, गाडी मामाला दाखवायची आहे. पेठ नाक्यापासून हायवेच आहे, तू चालव, तो शेजारी बसू दे. इथे मी चारही इंजेक्टरच्या रिटर्नला नळ्या लावून बाटल्यांमध्ये डिझेल किती परत येतं ते मोजतो, ज्याची बाटली आधी भरते तो गेलेला. अर्ध्या तासाचं काम. तो यायला तयार झाला नाही तर तेही उत्तरच समज.

ताईला नमस्कार. रविवार सोडून कधीही ये, रविवारी लिफ्ट बंद असते.

तुझा,
नंदूमामा