फुटाला दोन सूत

त्या काळी आमच्या गल्लीत समुद्र पाहिलेला एकही माणूस नव्हता. कळमनुरीपासून मुंबई लांब. तालुक्यातून वाहणारी कयाधू पावसाळ्यात गढूळ होऊन धावायची आणि उन्हाळ्यात तिच्या वाळूत झिरे उकरून पाणी भरावं लागायचं. अशा मुलखात माझ्या वडिलांनी एक आगबोट केली.

तेव्हा हिंगोली जिल्हा व्हायचा होता. तो झाला १९९९ साली. आम्ही परभणी जिल्ह्यातले. १९७२चा दुष्काळ सरून पाच-सहा वर्षं झाली होती. अण्णा सुतारकाम करायचे. तिफण, वखर, चौकट, पाळणा, सगळंच करायचे. पण त्यांचं नाव होतं ते गाडीच्या चाकासाठी. बाभळीचा तुंबा, त्यात ठोकून बसवलेले आरे, वर पुठ्ठे आणि शेवटी भट्टीत लाल केलेली लोखंडी धाव. धाव चढवून पाणी मारलं की ती आकसायची आणि अख्खं चाक कर्रर्र करून आवळायचं. तो आवाज ऐकून अण्णा सांगायचे, चाक किती वर्षं टिकेल.

पण टायरच्या गाड्या आल्या. लोखंडी सांगाडा, ट्रकचे जुने टायर, आत बेअरिंग. बैलाला ओढायला हलकी. अण्णांनी कधी तिला नावं ठेवली नाहीत. "बैलाचा जीव वाचतो, वाईट काय त्यात?" म्हणायचे. त्या वर्षी त्यांच्याकडं चाकाची एकच जोडी करायला आली होती.

मी आठवीत होतो. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी काहीतरी करून आणा, असं शाळेत सांगितलं. आमच्या सरांनी मला एका जुन्या मासिकातलं पान दिलं. त्यावर 'ह्यू लिंडसे' नावाच्या आगबोटीचं चित्र होतं. तिला मागं पंखा नव्हता; दोन्ही कुशींना दोन मोठी चाकं होती. मी ते पान घरी आणलं. अण्णांनी ते उजेडाकडं नेलं, लांब धरलं, जवळ धरलं.

"हे तर गाडीचंच चाक हाय की रे. धाव न्हाई, तिथं फळ्या मारल्यात."

"पाण्यात चालतंय ते, अण्णा."

"पाण्यात काय आन् रस्त्यात काय. चाकाला मागं रेटायला कायतरी लागतंय. लाकूड कोणतं वापरलंय?"

सरांनी सांगितलेलं मला आठवत होतं. मुंबईच्या गोदीत सागवानाची जहाजं व्हायची. सागवान म्हटल्यावर अण्णांनी मान डोलावली. तिथून पुढं ती बोट जितकी माझी, तितकीच त्यांची झाली.

माप कसं धरायचं, हा पहिला प्रश्न. चित्राखाली फूट लिहिले होते. अण्णांनी बोटांवर काही मोजलं आणि म्हणाले, "फुटाला दोन सूत धरू." सुताराच्या हिशेबात इंचाचे आठ सूत. म्हणजे खऱ्या बोटीच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाची बोट. शाळेत प्रमाण आणि गुणोत्तर शिकताना माझं डोकं दुखायचं. ते त्या संध्याकाळी एका वाक्यात कळलं.

बोटीचं अंग पांगाऱ्याचं केलं. लाकूड हलकं, पटाशीखाली लोण्यासारखं. पण चाकांना अण्णांनी बाभूळच घेतली. साडेचार इंचांचं चाक, त्याला खरा तुंबा, खरे आरे. "येवढ्याशा चाकाला कशाला येवढं?" आई म्हणाली. अण्णा म्हणाले, "ल्हान हाय म्हणून खोटं करायचं का?" बॅटरीच्या सेलचं पत्र्याचं कवच काढून धुरांडं केलं. आत वाफेचं यंत्र नव्हतं. गलोलीच्या रबराच्या पट्ट्या आखाला गुंडाळायच्या आणि सोडायच्या.

शेवटी अण्णांनी काडीएवढ्या लाकडातून एक माणूस कोरला. "साडेपाच फुटाचा माणूस, अकरा सूत झाला," म्हणाले. त्याच्या डोक्यावर मुंडासं होतं. त्याला त्यांनी चाकाजवळ खिळ्यावर उभा केला.

बोट सोडली ती मळ्यातल्या विहिरीवरच्या हौदात. पहिल्यांदा ती एका कुशीवर कलली. एक चाक हवेत, एक पाण्यात. जागच्या जागी गोल फिरायला लागली. बैलांच्या जुन्या नाला तळाला ठेवल्या, तशी सरळ झाली, पण इतकी खाली गेली की चाकं निम्म्याच्या वर बुडाली. रबर सुटलं, चाकं फिरली, पाणी खळबळलं, बोट मात्र थरथरत तिथंच. मला रडू यायला लागलं. अण्णा हौदाच्या काठावर उकिडवे बसून बघत राहिले.

"पाणी वर उचलायलंय ते. मागं ढकलायला पायजे. बुडलेलं चाक वझं वाहतं, गाडी वढत न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी थोड्या नाला कमी केल्या आणि आख चार सूत वर घेतला. माप मोडलं म्हणून त्यांना वाईट वाटलं, पण "फळी भिजावी, तुंबा भिजू न्हाई" असं ठरवून त्यांनी ते केलं. संध्याकाळी बोट फटफट करत हौद ओलांडून गेली. पाणी प्यायला आलेले बैल दचकून मागं सरले. अण्णा एवढे हसलेले मी फार थोड्या वेळा पाहिलेत.

प्रदर्शनाच्या दिवशी बोट डोक्यावर घेऊन अण्णाच शाळेत आले. ते टोपलं उतरवून रबर आणायला घरी गेले, तेवढ्यात मी मुंडाशातला माणूस खिळ्यावरून उपटून खिशात घातला. आगबोटीवर असला माणूस पोरं हसतील, असं मला वाटलं. मग तपासणारे साहेब आले. त्यांनी चाक बोटानं फिरवलं.

"कोणी केली?"

"मी, सर."

"एकट्यानं?"

"हो, सर."

मान वर केली तर दारात अण्णा. हातात रबराच्या पट्ट्या, धोतराला भुसा. त्यांची नजर रिकाम्या खिळ्यावर गेली. त्यांनी पट्ट्या माझ्या हातात दिल्या आणि ते गेले. मला दुसरा नंबर मिळाला, बक्षीस म्हणून शाईचा पेन. घरी आल्यावर अण्णांनी विचारलं, "चालली का बोट?" म्हटलं, चालली. "मग झालं," म्हणाले. तो माणूस खिशातून कधी पडला, मला कळलंच नाही.

पुढं नोकरीत वाचनालयं मिळाली, तेव्हा 'ह्यू लिंडसे'बद्दल वाचत गेलो. १८२९ साली ती मुंबईत बांधली. बांधणारे वाडिया घराण्याचे उस्ताद, हात तिथल्या सुतारांचे. यंत्रं विलायतेहून आली. नाव मात्र ईस्ट इंडिया कंपनीच्या एका संचालकाचं. २० मार्च १८३० रोजी ती मुंबईहून निघाली आणि २२ एप्रिलला सुएझला पोचली. कोळसा जेमतेम साडेपाच दिवसांचा मावेल अशी तिची बांधणी, आणि पहिला टप्पा एडनचा, अकरा दिवसांचा. म्हणून खोल्यांत आणि वर डेकवरसुद्धा कोळसा भरला. त्या ओझ्यानं बोट खोल बसली आणि चाकं नको तेवढी पाण्यात गेली. एडनला पोचली तेव्हा काही तासांचाच कोळसा शिल्लक होता. हे वाचलं आणि मला मळ्यातला हौद आठवला. अण्णांनी एका संध्याकाळी उकिडवं बसून जे ओळखलं, ते इथं छापलेलं होतं.

इसापूरचं धरण भरल्यावर मी अण्णांना पैनगंगेचं अडलेलं पाणी दाखवायला नेलं. तेव्हा ते थकले होते. पार नजर पोचेपर्यंत पाणी. मी ठरवून गेलो होतो की आज बोलायचं. म्हटलं, "अण्णा, त्या दिवशी शाळेत मी खोटं बोललो."

त्यांनी पाण्यावरची नजर काढली नाही. बऱ्याच वेळानं म्हणाले, "आपली बोट इथं चालली असती रे."

आता अण्णा नाहीत. माळ्यावरच्या बोटीच्या पांगाऱ्याला भुंगा लागला आणि अंगाचं पीठ झालं. बाभळीची चाकं मात्र जशीच्या तशी. एकही आरा हललेला नाही. रिटायर झाल्यावर मी नवं अंग करायला घेतलंय, त्याच मापानं, फुटाला दोन सूत. माझा हात सुताराचा नाही. पटाशी घसरते, कड वाकडी येते. नातवंडं भोवती बसून प्रश्न विचारतात.

परवा धाकटीनं विचारलं, "आबा, ही तुम्ही एकट्यानं केली?"

"अंग मी केलं. चाकं माझ्या वडिलांची."

मग मी तिच्या हातात काडीएवढं लाकूड दिलं आणि पट्टीवर अकरा सूत कसे मोजायचे ते दाखवलं. मुंडासं कसं असतं, हे तिला चित्र काढून सांगावं लागलं.