मावशी नुसती उभी असते

घरात शिरले की मी आधी पेशंटच्या टाचा बघते. चेहरा बोलता बोलता बघून होतो. टाचांसाठी मुद्दाम चादर सारावी लागते, मोजे काढावे लागतात, आणि भेटायला येणाऱ्यांपैकी ते कुणी करत नाही. खुब्याच्या ऑपरेशननंतर घरी आलेला माणूस बराच वेळ उताणा पडून असतो. माकडहाडाकडे मावशीचं लक्ष असतं, कारण तिला तेवढं सांगितलेलं असतं. टाच मात्र गादीवर तशीच टेकलेली राहते. लाल डाग बोटाने दाबून बघा, पांढरा पडला नाही तर बेडसोरची सुरुवात समजा, असं आम्हाला शिकवलं. हे शिक्षण गोऱ्या कातडीवर बेतलेलं आहे. आपल्या सावळ्या कातडीवर ती लाली पुष्कळदा दिसतच नाही. तिथे हाताची पालथी बाजू लावायची. शेजारच्या भागापेक्षा गरम लागतंय का, टणक किंवा लिबलिबीत लागतंय का, तिथे हात लावला की पेशंट पाय मागे घेतोय का, हे बघायचं.

डिस्चार्जनंतरचे काही आठवडे घरी राहून सेवा करणाऱ्या मावश्या आणि ब्रदर यांचं काम कसं चाललंय ते तपासणं हे माझं काम. त्याआधी मी वॉर्डात सिस्टर होते. वॉर्डात राउंड असतो, मेट्रन असते, शेजारच्या खाटेवरचा नातेवाईकही सगळं बघत असतो. घरी एक बंद खोली, एक आजारी माणूस आणि एक मावशी. फ्लोरेन्स नाइटिंगेलने १८५९च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये यावर एक प्रकरणच लिहिलं आहे. आपण असताना जे होतं ते आपण नसतानाही होईल, अशी व्यवस्था कशी लावायची, हा त्याचा विषय. मला तो त्या पुस्तकाचा गाभा वाटतो. मी घरात जेमतेम तासभर असते, आणि उरलेल्या दिवसरात्रीत काय झालं ते मला तेवढ्या तासात शोधायचं असतं.

फाइल बरंच सांगते. मावश्या पाठवणाऱ्या ब्युरोच्या छापील तक्त्यात दर दोन तासांनी कूस बदलल्याची खूण, बीपी, पाणी किती, लघवी किती. सगळ्या खुणा एकाच पेनाने एकाच बैठकीत केलेल्या असल्या तर लगेच कळतं. चार दिवस बीपी १२०/८०च असेल तर मशीन खोक्यातून बाहेर निघालेलंच नसतं. खरी नोंद ओबडधोबड असते. १३४, मग ११८, मध्ये एक रकाना रिकामा आणि बाजूला ‘झोपले होते, उठवलं नाही’. असा रिकामा रकाना दिसला की मला भरवसा वाटतो. तो सोडणारी बाई बाकीच्या रकान्यांतही खरंच लिहीत असते.

मग औषधांचा डबा. आपल्याकडे एकच औषध कितीतरी नावांनी मिळतं. डिस्चार्ज कार्डावर टेल्मिसार्टन एका नावाने लिहिलेलं असतं, घरच्या डॉक्टरांनी ते पूर्वीच दुसऱ्या नावाने सुरू केलेलं असतं. दोन्ही पाकिटं डब्यात असतात, म्हणून मावशी दोन्ही देते. सकाळी उठून उभं राहताना आजोबांना चक्कर येते आणि घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे. यात मावशीचा दोष नाही. जुनी पाकिटं बाजूला काढा, हे डिस्चार्जच्या घाईत कुणी सांगितलंच नाही. लघवीच्या नळीचंही तेच. ती कधी काढायची हे कार्डावर नसेल तर ती राहून जाते, आणि जितकी राहते तितका इन्फेक्शनचा धोका वाढतो. दोष कुठला कुणाचा हे वेगळं काढता आलं नाही, तर तपासणी म्हणजे त्या घरातल्या सगळ्यांत गरीब माणसावर सगळं ढकलून मोकळं होणं, एवढंच होतं.

पेशंटशी मी एकटी बोलते, मावशीला चहा टाकायला पाठवून. ‘सेवा बरी आहे ना?’ असं विचारून उपयोग नसतो. ‘छान आहे’ हेच उत्तर येतं, कारण रात्री त्याच मावशीला हाक मारायची असते. मी विचारते, ‘काल रात्री लघवीला जावंसं वाटलं तेव्हा काय केलंत?’ मग हळूहळू बाहेर येतं. एक आजी म्हणाल्या, ‘तिला उठवायला जिवावर येतं गं, म्हणून मी संध्याकाळनंतर पाणीच पीत नाही.’ त्यांची जीभ कोरडी का होती ते तेव्हा समजलं. असं पाणी तोडणारी म्हातारी माणसं मला फार भेटतात. फाइलमध्ये ते कधीच नसतं.

आव्हेडिस डोनाबेडियन या डॉक्टरांनी १९६६ साली उपचारांचा दर्जा तीन बाजूंनी बघावा असं मांडलं: साधनं आणि व्यवस्था काय आहे, काम कसं होतंय, परिणाम काय झाला. पैसे देणाऱ्याला तिसरी बाजू सगळ्यांत पटते, आणि घरी तीच सगळ्यांत फसवते. गुडघा बदललेल्या साठीच्या बाई जेमतेम सेवेतही चालायला लागतात. मोठ्या स्ट्रोकनंतर घरी आलेले नव्वदीचे आजोबा उत्तम सेवेतही खालावतात. म्हणून मला काम होताना बघावं लागतं, आणि नेमकं काय बघायचं यावर घरच्यांचं आणि माझं पटेलच असं नाही.

कोथरूडहून एका सुनेचा फोन आला. ‘सिस्टर, दुसरी बाई द्या. ही मावशी नुसती उभी असते. बाबा पंधरा पंधरा मिनिटं शर्टाची बटणं लावत बसतात आणि ही बघत राहते. आधीची किती चटपटीत होती!’ आधीची मला माहीत होती. सातला अंघोळ, साडेसातला कपडे, मग चमच्याने नाश्ता, आठला बाबा स्वच्छ होऊन खुर्चीत. घरातले तिच्यावर खूश होते. पण त्या दिवसांत बाबांनी स्वतःच्या हाताने काही म्हणजे काही केलं नव्हतं.

मी अंघोळीच्या वेळी गेले. नवी मावशी खरंच उभी होती, पण कुठे? बाबांची उजवी बाजू स्ट्रोकने कमजोर झालेली, ती त्याच बाजूला, किंचित मागे, हात लगेच पोचेल इतक्या अंतरावर. तिचे दोन्ही हात मोकळे होते. खुर्ची मागे टेकलेली होती. शर्टाची उजवी बाही आधी, हे बाबा विसरले तेव्हा तिने त्यांच्या उजव्या दंडाला नुसता हात लावला. चौथ्या बटणाला ते चिडले. ती म्हणाली, ‘दमलात तर बसू आपण, घाई कुणाला आहे?’ ते बसले, पुन्हा उठले आणि बटण लागलं. नंतर तिने मला कपाट दाखवलं. मोठ्या बटणांचे शर्ट तिने शोधून वरच्या खणात आणून ठेवले होते. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. सुनेला समोर बसवून मी हे सगळं समजावून सांगितलं. तिला पूर्ण पटलं नाही, पण मावशी राहिली.

बार्थेल इंडेक्स नावाची मोजणी १९६५पासून जगभर वापरतात. खाणं, कपडे, संडास, खाटेवरून खुर्चीत जाणं, जिने अशा दहा गोष्टी आणि गुण शंभर. त्याचा नियम असा की पेशंट प्रत्यक्षात काय करतो ते मोजायचं, त्याला काय करता येईल ते नाही. चमच्याने भरवलं जात असेल तर हात चांगला असूनही खाण्याचे गुण कापले जातात. म्हणून आठवड्याच्या आठवड्याला ते आकडे मांडताना मी पेशंटइतकीच सेवेचीही परीक्षा घेत असते. वॉकरने बाथरूमपर्यंत जाऊ शकणाऱ्या माणसाला दिवसभर डायपर बांधलेला दिसला, की बाकी खोली कितीही लख्ख असो, माझा अहवाल कडक होतो.

मावशीची बाजूही मी लिहिते. चोवीस तासांच्या ड्यूटीत ती झोपते कुठे, सलग किती तास झोपते, जेवायला तिला काय आणि कधी मिळतं, तिचा कप वेगळा ठेवलाय का. वेगळा कप दिसला तर मी घरच्यांशी त्यावर बोलते, त्यांना आवडो न आवडो. रात्री चार वेळा उठलेली बाई दुपारी माणसाला धरून चालवताना स्वतःच झोकांडी खाईल, हे तरी त्यांना कळतं.

या कामातली सगळ्यांत अवघड गाठ पैशाची आहे. मावशीला पैसे रोजावर मिळतात. पेशंट लवकर स्वतःच्या पायांवर आला की तिची ड्यूटी लवकर संपते, आणि ब्युरोचा पुढचा फोन येईपर्यंत ती घरी बसते. चांगलं काम केल्याची ही शिक्षा आहे, आणि ती भोगायला लावून आपण तिच्याकडून चांगल्या कामाची अपेक्षा धरतो. म्हणून ब्युरोवाल्यांशी माझा एकच हट्ट असतो. ठरल्या मुदतीआधी ज्या मावशीचा पेशंट हिंडताफिरता झाला, तिला पुढची ड्यूटी सगळ्यांत आधी द्या. काहीजण ऐकतात.

ड्यूटी संपायच्या आत एक गोष्ट मी स्वतः बघते. मावशीने गप्प राहायचं आणि सुनेने किंवा मुलाने पेशंटला खाटेवरून उठवून खुर्चीत बसवायचं. काखेत हात घालून ओढायचं नाही, कमजोर हात धरून तर मुळीच नाही, त्याने खांदा निखळू शकतो. पट्ट्याला किंवा कमरेला धरायचं, पेशंटचे पाय जमिनीवर नीट टेकलेत ना ते बघायचं, त्याला पुढे वाकू द्यायचं आणि उठण्याचा जोर त्याचाच लागू द्यायचा. हे जमलं की मी सेवा बंद करायच्या कागदावर सही करते. नाही जमलं तर आणखी थोडे दिवस मागते. त्या दिवसांचे पैसे कुणी द्यायचे यावरून घरचे आणि ब्युरो दोघांशी भांडायची माझी तयारी असते.