हाताला सापडणारी गाडी

आमच्या जुन्या जीपला समोर पत्र्याची एक फळी होती. तिच्यावर चार काटे आणि चार खुंट्या, संपलं. काटे म्हणजे डिझेलचा, पाण्याच्या गरमीचा, ऑइलच्या दाबाचा आणि चार्जिंगचा. किलोमीटरचा काटाही होता, पण त्याची केबल गाडी आमच्या दारात यायच्या आधीच तुटलेली. वेग आम्ही आवाजावरनं ओळखायचो. टपाचं कापड फडफडायला लागलं की समजायचं, पन्नाशी ओलांडली.

ही जीप मी १९९३ साली सरकारी लिलावात घेतली. सकाळी हिटर धरून वीस आकडे मोजायचे, मग स्टार्टर मारायचा. बंद करायची तर नुसती चावी काढून भागत नसे, स्टॉपची खुंटी ओढायची. दिव्याची खुंटी उजव्या हाताला, वायपरची वर काचेपाशी. अप्पर-डिप्पर मारायचं बटण डाव्या पायाशी, क्लचच्या शेजारी जमिनीवर. शहरातल्या माणसाला हे सांगितलं तर हसतो, पायानं दिवा कसा काय? पण रात्री समोरनं एसटी आली की हात स्टेअरिंगवरनं काढायचं काम नव्हतं आणि डोळा रस्त्यावरनं हलवायचंही नव्हतं. पंधरा दिवसांत सगळ्या जागा हातापायाला पाठ झाल्या. अंधारात गोठ्यात शिरलं तरी दाव्याचा खुंटा हाताला बरोबर सापडतो, तसं. धार काढताना तरी आचळाकडं कोण बघत बसतं? हात आपलं काम करतो, डोळा म्हशीच्या मागच्या पायावर असतो. लाथ तिथनं येणार असते.

जीप चांगली होती असं मी म्हणत नाही. ब्रेक मारला की डावीकडं ओढायची. पट्टे नव्हते, दारं नव्हती. पावसाळ्यात आतला माणूस आणि बाहेरचा माणूस सारखाच भिजायचा. एकदा बारा माणसं आणि एक शेळी घेऊन आम्ही जोतिबाच्या यात्रेला गेलो, ते आठवलं की आता अंगावर काटा येतो. पोरगं मला नेहमी हेच ऐकवतं, "आबा, तुमच्या जीपला व्हतं काय?" बरोबर आहे. काही नव्हतं. पण जे होतं ते हाताला सापडत होतं.

पोराचं ठिबकचं दुकान आहे. त्यानं दोन वर्षांमागं नवी गाडी घेतली, वरच्या मॉडेलची. तिच्यात समोर मधोमध दहा इंची काच. गाणं तिच्यात, नकाशा तिच्यात, फोन तिच्यात. गार वारा, गरम वारा, वारा पायाला की तोंडाला, तेही तिच्यातच. गाडी घरी आली त्या दिवशी सूनबाईनं चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला आणि नातवानं पहिल्या पाच मिनिटांत त्या काचेवर सगळ्या गाड्यांचे आवाज काढून दाखवले. मला म्हणाला, "आबा, तुमाला कुठला हवा?" मी म्हटलं, मला इंजिनाचा हवा. तो मात्र ऐकूच येत नव्हता.

आणि ती बोलते. पट्टा लावला नाही तर ओरडते, वेग ८० च्या वर गेला तर ओरडते. मागं काही असलं तर ओरडते, ते बरंच आहे, अंगणात पोरं खेळत असतात. २०१९ पासून हे सगळं सरकारनं सक्तीचं केलंय आणि योग्य केलंय. एकदा मात्र गंमत झाली. पुढच्या सीटवर गुळाची ढेप ठेवली होती. गाडी सुरू झाली आणि लागली बोंबलायला, कारण तिच्या लेखी माणूस बसला होता. शेवटी ढेपेला पट्टा बांधला आणि बाजारापर्यंत नेली. हा आवाज बंद करायला नुसते चाप विकत घेऊन अडकवणारी माणसं आहेत. २०२३ साली ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला असले चाप ऑनलाइन विकायला मनाई करावी लागली. आम्ही ढेपेला पट्टा बांधला, ते शहाणपणाचंच म्हणायचं.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मागच्या हंगामात, डिसेंबरात, विट्याकडनं कराडला येत होतो. पोरगं चालवत होतं, शेजारी मी, मागं सूनबाई आणि मांडीवर झोपलेला नातू. गळिताचा हंगाम म्हणजे रात्रभर उसाचे ट्रॅक्टर. एकामागं दोन ट्रॉल्या, वर डोंगराएवढा ऊस, मागं ना दिवा ना लाल पट्टी. हा दोष आमच्याच लोकांचा आहे. चमकणारी लाल पट्टी काय सोन्याच्या भावानं मिळते का? तरी चिकटवत नाहीत. कारखान्यावर दरवर्षी सांगतात, दरवर्षी दोन दिवस पाळतात.

थंडी होती, आत चार माणसांचे श्वास, काच आतनं धुरकटली. जीपला असलं काही झालं तर मी गमज्यानं पुसायचो, हाताच्या अंतरावर काच. ह्या गाडीची काच इतकी लांब आणि तिरपी की हात पोचत नाही. काचेवर वारा सोडायचा तर त्या पडद्यात शिरावं लागतं. पोरानं आधी नकाशा बाजूला सारला. मग पंख्याचं चित्र दाबलं. मग काचेचं चित्र शोधायला लागला. तेवढ्यात चाक खड्ड्यात गेलं, बोट हुकलं आणि कुणाचा तरी फोन लागला. तो तोडायला त्यानं पुन्हा तिकडं बघितलं.

मी रस्त्याकडं बघत होतो. दुसऱ्याच्या गाडीत बसलं तरी माझा डोळा रस्त्यावरच असतो, ही जीपची सवय. धुरकट काचेतनं काळं काहीतरी दिसलं. मी ओरडलो, "दाद्या, म्होरं बघ!"

पंक्चर झालेली ट्रॉली होती. मागं दोन धोंडे लावून ठेवले होते, बस्स. पोरानं ब्रेक दाबला, गाडी थडथडली, सरळ राहिली आणि थांबली. उसाच्या पुढं आलेल्या कांड्या बॉनेटवर टेकल्या होत्या. तिथं माझी जीप असती तर ती थांबली नसती, डावीकडं ओढून खड्ड्यात गेली असती. हे सांगायलाच पाहिजे. नव्या गाडीच्या ब्रेकनं आम्हाला वाचवलं. पण ब्रेक इतक्या उशिरा दाबायची वेळ नव्या गाडीच्या काचेनंच आणली, हेही सांगायलाच पाहिजे. नातू जागा झाला आणि म्हणाला, "घर आलं?" त्याला कुणी उत्तर दिलं नाही.

आमच्या भावकीतला एक तरणा पोरगा दोन वर्षांमागं असाच ट्रॉलीमागं गेला. कागदावर लिहिलं, ट्रॉलीला दिवा नव्हता. ते खरंच होतं. त्याच्या आईला आता कुणाच्या गाडीचा हॉर्न ऐकवत नाही. घरी पोचेपर्यंत मला तेच घर डोळ्यापुढं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी पोरगं म्हणालं, "दोनच सेकंद बघितलं असंल आबा." माझं शिक्षण दहावी, पण हिशेब येतो. ताशी ६० चा वेग म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटरच्या वर. तीन सेकंद धर. पन्नास मीटर झाले. आपला गुंठा ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. पाच गुंठे एका रेषेत मांड, तेवढं रान तू डोळे मिटून चाललास. त्यावर तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "सवय झाली की बघावं लागत नाही."

ही सवयीची गोष्ट मला पटत नव्हती, पण दाखवायला काही नव्हतं. ते पुण्याच्या भाचीनं दिलं. ती कंपनीत आहे, तिला असल्या गोष्टींचा नाद. तिनं सांगितलं, स्वीडन देशात मोटारींचं एक मासिक आहे, त्यांनी २०२२ साली परीक्षा घेतली. ताशी ११० च्या वेगानं गाडी पळवायची आणि वारा, रेडिओ, दिवे अशी नेहमीचीच चार कामं करायची. चालवणाऱ्यांना आधी गाडीची ओळख करून घ्यायला वेळ दिला होता, म्हणजे सवयीचा मुद्दा तिथंच निकालात निघाला. २००५ सालची, बटणांची जुनी व्होल्वो होती. तिच्यात सगळी कामं दहा सेकंदांत झाली, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. पडद्याच्या नव्या गाड्यांत जी सगळ्यात मागं पडली, ती तेवढ्याच कामाला १३७२ मीटर गेली. आमच्या घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन अर्ध्या वाटेनं परत यायचं, एवढं अंतर. त्यांचे रस्ते कसे असतील ते तुम्हीच ताडा. तिथं खड्ड्यानं बोट हुकत नसणार.

भाची आणखी म्हणाली की युरोपात गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणारी संस्था आता जागी झालीय. २०२६ पासून इंडिकेटर, धोक्याचे दिवे, वायपर, हॉर्न आणि मदत मागायचं बटण, एवढ्या पाच गोष्टींना हाताला लागणारी खरी बटणं नसतील तर पुरे तारे मिळायचे नाहीत. पाचात वारा नाही, हे मी लगेच ताडलं. काच धुरकटणं त्यांना माहीत नाही असं कसं होईल, थंडी तर त्यांच्याकडंच जास्त.

आपल्याकडं कायदा काय म्हणतो? मोबाइल हातात धरून गाडी चालवली तर ते धोकादायक चालवणं. २०१९ मध्ये तसं स्पष्ट लिहिलं आणि दंड वाढवला. बरं झालं. पण तोच मोबाइल दहा इंचाचा करून फळीत बसवला की त्याला वरचं मॉडेल म्हणतात आणि त्याचे जादा पैसे घेतात. हवालदारानं कुणाला अडवायचं?

पोराचं एक म्हणणं असं की पुढच्या गाड्या स्वतःच बघतील. काहींना आत्ताच कॅमेरे आहेत, पट्टा सोडला की स्टेअरिंग आपोआप सरळ करतात. मला हे नवल वाटत नाही. आमच्या लहानपणी ऊस बैलगाडीनं जायचा. गाडीवान रात्री उसावरच घोंगडं पांघरून झोपायचा आणि बैल गाडी कारखान्यावर बरोबर नेऊन उभी करायचे. त्याला झोपायला हरकत नव्हती, चार डोळे पुढं होते आणि ते त्याच रस्त्याचे होते. ह्या कॅमेऱ्याला रस्त्यावर पांढरा पट्टा दिसावा लागतो. आमच्या रस्त्याला पट्टा रंगवला तर पहिल्या पावसात जातो. बैलाला पट्टा लागत नव्हता.

डिसेंबरापासनं पोरानं एक केलं. घरातनं निघायच्या आधी वारा लावतो, नकाशा लावतो, गाणं लावतो आणि मग चावी फिरवल्यासारखं ते बटण दाबतो. वाटेत काही बदलायचं झालं तर सूनबाई पुढं बसते, ती बदलते. मी मागं नातवाशेजारी. मला मागनं रस्ता नीट दिसत नाही, म्हणून दोन सीटांच्या मधनं मान काढून बसतो. सूनबाई म्हणते, "मामंजी, तुमचा क्यामेरा बंद करा आता."

शेजारच्या वस्तीवरचं एक पोरगं पाडव्याला गाडी घ्यायची म्हणून विचारायला आलं, "आबा, कुठली घेऊ?" मला कंपन्यांतलं काय कळतंय? मी म्हटलं, दुकानात जा, सीटवर बस, डोळे मीट आणि वायपर लाव, हॉर्न दे, काचेवर वारा सोड. गाडी उभी असताना हे कर बरं का, नायतर माझ्या नावानं बोंब मारशील.

त्यानं खरंच केलं. पहिल्या दुकानात हॉर्न सापडला, वायपर सापडला, वारा सापडेना. विकणारा मुलगा म्हणाला, "सर, डोळे उघडा की, समोरच तर आहे." दुसऱ्या दुकानातही तीच गत. तिसऱ्या ठिकाणी पडदा होताच, तो आता सगळीकडं असतो, पण त्याच्या खाली तीन गोल खुंट्या होत्या, कडकड आवाज करत फिरणाऱ्या. त्यानं डोळे मिटले, मधली फिरवली, वारा काचेवर गेला. तीच ठरवली, त्यातलंही खालचं मॉडेल. पाडव्याला पेढे घेऊन आला आणि मला गाडीत बसवून म्हणाला, "आबा, मिटा डोळे."