बेवारस गाडीचा वारस

हिंगणा रोडने एमआयडीसीकडे येताना दोन्ही बाजूंची गॅरेजेस कधी नीट बघितली आहेत का? प्रत्येक गॅरेजमध्ये एक तरी गाडी अशी असते की जी कधीच बाहेर पडत नाही. टायर बसलेले, काचेवर धुळीचा थर, बॉनेटवर झोपलेलं मांजर आणि चाकांभोवती गाजरगवत. आपल्याला वाटतं, गॅरेजवाल्याची असेल. गॅरेजवाल्याला वाटतं, देवा, कुणीतरी हिला घेऊन जा!

अशाच एका मारुती ८०० ची ही हकिकत. गाडी २००६ ची, एमएच-३१ पासिंगची. हॉस्टेलमधल्या आम्हा सर्वांच्या बाइक्स ज्या मिस्त्रीकाकांकडे जातात, त्यांच्या अंगणात ती २०२० च्या फेब्रुवारीपासून उभी होती. क्लच प्लेट नवी, हेड गॅस्केट नवं, ब्रेकचं काम झालेलं. बिल १६,८०० रुपये. काम पूर्ण झालं, मालक म्हणाले "पुढच्या महिन्यात नेतो", आणि पुढच्या महिन्यात लॉकडाऊन लागला. नंतर फोन आधी उचलला जाईना, मग बंदच झाला.

आम्ही चौघं मेकॅनिकलवाले. जुनी गाडी घेऊन स्वतःच्या हाताने उभी करायची, हे आमचं फर्स्ट इयरपासूनचं स्वप्न. काकांना विचारलं तर ते एका पायावर तयार. "माझे सोळा हजार आठशे द्या आन् घेऊन जा बाप्पा. मले जागा खाली पाहिजे, बाकी काही नाही." आम्ही वर्गणीचा हिशोबही सुरू केला होता. तेवढ्यात आमच्यातल्या एकाने साधा प्रश्न विचारला, "काका, आरसी कुणाच्या नावावर आहे?"

काका म्हणाले, "ज्याची गाडी त्याच्याच नावावर राहीन ना बे!"

इथेच सगळं अडलं. कारण गाडी काकांच्या ताब्यात होती, पण काकांची नव्हती. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला. 'पझेशन' आणि 'ओनरशिप' हे शब्द मला परीक्षेपुरते माहीत होते. 'ताबा' आणि 'मालकी' या दोन शब्दांमधलं अंतर किती मोठं असतं, ते मात्र मला या अंगणात समजलं.

मित्राचे मामा नागपूरला वकिली करतात. एका रविवारी आम्ही काकांना घेऊन त्यांच्याकडे गेलो. मामांनी आधी काकांना खूश केलं. म्हणाले, "भाऊ, कायदा तुमच्या बाजूने आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२, कलम १७०. ज्याने एखाद्या वस्तूवर आपली मेहनत आणि कौशल्य खर्च केलं, त्याला मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवायचा हक्क आहे. याला धारणाधिकार म्हणतात. मालक उद्या आला आणि पैसे न देता गाडी मागू लागला, तर तुम्ही नाही म्हणू शकता."

काकांचा चेहरा खुलला. "मंग विकू शकतो?"

"नाही. अडवून ठेवू शकता. विकू शकत नाही."

गंमत पुढे आहे. याच कायद्यात कलम १७६ आहे. तुम्ही सोनं गहाण ठेवून कर्ज घेतलं आणि फेडलं नाही, तर सावकार किंवा बँक रीतसर नोटीस देऊन ते सोनं विकू शकते. म्हणजे ज्याने पैसा दिला त्याला विकायचा अधिकार, आणि ज्याने घाम गाळला त्याला फक्त सांभाळायचा! वर कलम १५१ सांगतं की, दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे असेल तर आपल्या स्वतःच्या वस्तूची समंजस माणूस घेतो तेवढी काळजी घ्यावी लागते. म्हणजे काकांचे पैसे अडकलेले, जागा अडकलेली, आणि गाडीची काळजीही काकांनीच घ्यायची.

आता आम्ही इंजिनीअरिंगचे विद्यार्थी, शॉर्टकट शोधल्याशिवाय गप्प कसे बसणार? एकेक आयडिया मामांपुढे टाकत गेलो.

पहिली आयडिया : सापडलेली वस्तू समजून विकली तर? कलम १६९ प्रमाणे वस्तू सापडणाऱ्याला काही परिस्थितीत ती विकता येते. मालक शोधूनही सापडत नसेल किंवा रीतसर खर्च देत नसेल, आणि वस्तू नाश पावण्याची भीती असेल किंवा खर्चच किमतीच्या दोन-तृतीयांश झाला असेल, तर. पण मामा म्हणाले, "गाडी काय रस्त्यावर सापडली? मालकाने स्वतः आणून दिली होती. हे कलम तुमचं नाही."

दुसरी आयडिया : बारा वर्षं ठेवली की आपली होते म्हणतात ना? ती बारा वर्षं जमीन-घराची. सांभाळायला दिलेली वस्तू परत मागण्यासाठी मालकाला मुदत ३ वर्षांची असते, पण ती मोजायची कधीपासून? मालकाने मागितली आणि समोरच्याने नाही म्हटलं, त्या दिवसापासून. इथे मागायलाच कुणी आलं नाही, तर घड्याळ सुरूच होत नाही.

तिसरी आयडिया : गॅरेजमध्ये पाटी आहेच, "काम झाल्यावर ८ दिवसांत गाडी न नेल्यास आम्ही जबाबदार नाही." मामा हसले. "पाटीने मालकी बदलत नसते रे!"

आणि सरळ विकून टाकली तर? तर मालविक्री अधिनियम, १९३० चं साधं तत्त्व आडवं येतं. विकणाऱ्याकडे जे नाही, ते घेणाऱ्याला मिळत नाही. आम्ही सोळा हजार आठशे देऊनही आमच्या हातात फक्त लोखंड आलं असतं. काकांवर तर विश्वासघाताच्या गुन्ह्याची टांगती तलवार, पूर्वीच्या दंड संहितेचं कलम ४०६, आताच्या न्याय संहितेचं ३१६.

मग काकांना सरळ मार्ग काय होता? दिवाणी कोर्टात मजुरीचा दावा करायचा, हुकूमनामा घ्यायचा, त्यावर गाडी जप्त करून लिलावात काढायची. लिलावात घेणाऱ्याला आरटीओकडे फॉर्म ३२ भरून गाडी नावावर करता येते. पण अशा दाव्याची मुदत काम झाल्यापासून ३ वर्षं. कोविडमुळे सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला होता. तो वगळूनही काकांची मुदत संपून गेलेली. गाडी अडवून ठेवायचा हक्क त्याने जात नाही, पण कोर्टाचं दार बंद. आणि उघडं असतं तरी सोळा हजारांसाठी रोजची मजुरी बुडवून तारखांना कोण जाणार?

पोलिसांकडे लेखी कळवणं हाही मार्ग आहे, आणि गाडी चोरीची तर नाही ना हे तपासायला तो चांगलाच. बेवारस मालमत्ता ताब्यात घ्यायची तरतूद महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये आहे. पण गाडी ठाण्यात गेली की काकांचा ताबा गेला, आणि ताबा गेला की अडवून ठेवायचा हक्कही गेला. शिवाय ठाण्यांच्या आवारात गंजत पडलेल्या गाड्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात म्हटलं होतं की, जप्त गाड्या ठाण्यात दीर्घकाळ ठेवण्यात काहीच अर्थ नाही. तरी त्या आहेतच.

हे सगळं ऐकून मला राग आला. १८७२ चा कायदा इंग्रजांनी केला. पण त्याच इंग्रजांनी आपल्या घरी १९५२ मध्ये न नेलेल्या वस्तूंबद्दल वेगळा कायदा करून दुरुस्ती करणाऱ्याला ठरावीक नोटिशीनंतर वस्तू विकायची मुभा दिली. १९७७ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. पैसे येणं असतील तर ३ महिन्यांची नोटीस, मग विक्री, आणि आपले पैसे वळते करून उरलेली रक्कम मालकाची. मालकावरही अन्याय नाही, मिस्त्रीवरही नाही. आपल्याकडे मात्र मिस्त्री अजून १८७२ मध्येच उभा आहे!

असो. राग येऊन गाडी हलत नाही. मामा म्हणाले, "आधी मालकाला शोधा. आरसीवर ज्याचं नाव, कायद्यापुढे तोच मालक. आणि त्याच्यासाठीही ही गाडी टांगती ठेवणं बरं नाही." मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २ (३०) मध्ये मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी तो, असं म्हटलं आहे. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच धरून सांगितलं की, गाडी विकली तरी नोंदणी बदलली नसेल, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते. म्हणजे गाडी सोडून गेलेला माणूस सुटलेला नसतो. त्याला फक्त तसं वाटत असतं.

डॅशबोर्डच्या कप्प्यात आरसीची एक झेरॉक्स निघाली. पाण्याने अर्धी पुसलेली, पण पत्ता वाचता येत होता. आम्ही काकांच्या वतीने पत्र लिहिलं. धमकी नाही, शिव्या नाहीत. कुठली गाडी, काय काम झालं, बिल किती, गाडी कुठे उभी आहे, आणि कृपया संपर्क करा. स्पीड पोस्टने पाठवलं. काकांना काही आशा नव्हती. "येक कागद गेला वाया," एवढंच म्हणाले.

बारा दिवसांनी फोन आला. आवाज एका ताईंचा होता. त्या पत्त्यावर आता भाडेकरू राहतात, त्यांनी पत्राचा फोटो पाठवला होता. त्या पुढच्या शनिवारी पुण्याहून आल्या. गाडीजवळ गेल्या, दार उघडायचा प्रयत्न केला, ते उघडेना. मग काकांनीच जोर लावून उघडून दिलं. "बाबा एप्रिल २०२१ मध्ये गेले," ताई म्हणाल्या. "दुसऱ्या लाटेत. आई म्हणायची, गाडी हिंगण्याला कुठेतरी टाकली आहे. आम्हाला वाटलं, विकली असेल."

काका बराच वेळ हातातल्या फडक्याला हात पुसत राहिले. हात कधीचे स्वच्छ झाले होते. मग आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "म्या इतके दिवस मेलेल्या माणसाले शिव्या देऊन राहिलो होतो ना बे."

ताईंनी तिथेच १६,८०० रुपये मोबाइलवरून दिले. इतक्या वर्षांचं जागेचं भाडं किती, असं विचारलं. काका म्हणाले, "ते राहू द्या." त्यांनी डिकीतून एक पोपटी छत्री आणि वडिलांचा चष्म्याचा डबा तेवढा नेला.

आता गाडीचं काय? वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ आहे, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती. नोंदणीची १५ वर्षं २०२१ मध्येच संपली, म्हणजे फिटनेस आणि नूतनीकरणही आलं. एवढा खर्च करायचा की २०२१ च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्यायची, हे ताई आईशी बोलून ठरवणार आहेत. तोवर गाडी काकांकडेच आहे, पण आता पाहुणी म्हणून. टायरमध्ये हवा भरली आहे, गाजरगवत उपटलं आहे. आम्हाला गाडी मिळाली नाही हे वेगळं सांगायला नको.

पण एक शब्द मात्र कायमचा समजला. बेवारस. मला वाटायचं, ज्याला कुणी नाही ते बेवारस. तसं नाही. पुष्कळदा वारस असतो, फक्त त्याच्यापर्यंत कुणी पोचलेलं नसतं. कायदा गाडी विकू देत नाही म्हणून मी चिडलो होतो. आजही मिस्त्रीच्या घामाला सावकाराच्या पैशाएवढा मान मिळायला हवा, हे माझं मत कायम आहे. पण विक्रीच्या आधी नोटीस आणि शोध का असतो, ते त्या चष्म्याच्या डब्याकडे बघून कळलं. आम्ही घाई केली असती तर तो डबा भंगारात गेला असता.

मित्रांनो, यातून आम्ही एक छोटं काम केलं. मामांच्या मदतीने काकांसाठी मराठीत जॉब कार्ड तयार केलं आणि शंभर प्रती छापून दिल्या. त्यात गाडीचा नंबर आहे, काय काम करायचं ते आहे, अंदाजे खर्च आहे, काम झाल्याचं कळवल्यावर किती दिवसांनी जागेचं भाडं लागेल ते आहे. ठरावीक मुदतीत गाडी नेली नाही, तर लेखी नोटीस देऊन ती विकायला आणि त्यातून बिल वळतं करायला मालकाची संमती आहे, हेही आहे. कायद्यात नाही ते निदान दोघांच्या करारात असावं. खाली मालकाची सही. आणि सहीच्या वर एक रिकामी ओळ : "मालकाशी संपर्क न झाल्यास कुणाला कळवावे? नाव व मोबाइल."

काकांकडे येणारे लोक बाकी सगळं भरतात आणि नेमकी तीच ओळ सोडतात. म्हणतात, "मीच येणार आहे ना न्यायला!" तुमची बाइक पुढच्या वेळी कुठल्याही गॅरेजमध्ये टाकाल, तेव्हा बिलावर तशी ओळ नसली तरी मागच्या बाजूला घरच्यांपैकी कुणाचा तरी नंबर लिहून द्या. दोन मिनिटं लागतात.