पायाखालचा ढिलेपणा

आपल्या वसतिगृहाच्या आवारात निंबाखाली उभी असणारी जीप माझ्या पिढीच्या विद्यार्थ्यांना आठवत असेल. तिला एक वय नव्हते. सांगाडा लिलावातून घेतलेला, इंजिन दुसऱ्या गाडीचे, पेडलांचा संच तिसरीचा. धुळ्याच्या एका गॅरेजमध्ये हे सारे एकत्र आले आणि त्याची गाडी झाली. रात्री ताप चढलेल्या मुलाला सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तीच नेई आणि बाजारातून धान्याची पोतीही तीच आणी. पुढे मी आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि गेली वीस वर्षे जळगाव-धुळे पट्ट्यात जुन्या गाड्यांचेच काम करीत आहे. म्हणून या स्मरणिकेत आठवणींसोबत थोडी उपयोगाची माहितीही द्यावी, असे वाटले. विषय लहान आहे : जोडून तयार केलेल्या जुन्या गाडीचे पेडल सैल लागू लागले, तर दोष नेमका कुठे आहे हे कसे ओळखावे?

जोडून केलेली गाडी ही कमीपणाची गोष्ट नव्हे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच महिंद्र कंपनीने अमेरिकेतील विलिस जीप सुट्या भागांच्या रूपात आणून मुंबईत जोडावयास आरंभ केला होता. इंग्लंडमध्ये १९५७ साली आलेली लोटस सेव्हन ही छोटी मोटार लोक सुट्या भागांत विकत घेत आणि घरी जोडीत, कारण तशा गाडीवर तेथील खरेदी कर लागत नसे. त्याच धाटणीची गाडी पुढे आपल्या अलिबागच्या चिंकारा मोटर्सने बनविली. हरियाणातील मंडी डबवाली तर जुन्या जीपांच्या भागांतून नव्या जीपा उभ्या करण्यासाठीच प्रसिद्ध आहे. मात्र अशा गाडीत एक अडचण असते. पुस्तकातील माप एका गाडीचे असते आणि आपल्यासमोर तीन गाड्या उभ्या असतात. त्यामुळे केवळ मापावर विसंबून चालत नाही. एकेक सांधा स्वतंत्रपणे पारखावा लागतो.

या जीपांत क्लच आणि ब्रेक यांची पेडले फळीखाली एकाच शाफ्टवर बसविलेली असतात. ब्रेकचा मास्टर सिलिंडरही खालीच असतो. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीचा चिखल थेट तेथे उडतो, वैशाखात ग्रीस सुकते आणि उरलेल्या ग्रीसमध्ये धूळ मिसळून त्याचा जणू पॉलिशपेपर होतो. बुश झिजते ते असे. ही झीज एका दिवसात होत नाही, आणि खरा धोका तेथेच आहे.

मी नववीत असताना वेरूळची सहल ठरली. मार्ग चाळीसगावहून कन्नडच्या घाटाने जाणारा. मुलांसाठी बस होती. जीपमध्ये स्वयंपाकाची भांडी, शिधा आणि चार-पाच लहान मुले बसणार होती. आदल्या दिवशी गॅरेजचे वस्ताद गाडी पाहावयास आले. आमचे ड्रायव्हर आप्पा म्हणाले, "ब्रेक उत्तम आहे. दहा वर्षं हीच गाडी चालवतोय." आप्पा खोटे बोलत नव्हते. दहा वर्षांत ढिलेपणा जसा केसाकेसाने वाढला, तसा त्यांचा पायही केसाकेसाने खोल जाण्यास शिकला होता. वस्ताद गाडीत बसलेच नाहीत. दारातून वाकून त्यांनी ब्रेकचे पेडल हाताने धरले, डावी-उजवीकडे हलविले आणि हसून म्हणाले, "आप्पा, पाय खोटं बोलस, हात नही."

मग त्यांनी मला सीटवर बसविले आणि स्वतः बॅटरी घेऊन गाडीखाली शिरले. "दाब. सोड. हळू दाब." खालून येणाऱ्या त्या तीन आज्ञा मी पाळीत राहिलो. थोड्या वेळाने त्यांनी हाताने एक तारेचा तुकडा बाहेर सरकविला. पेडलला मास्टर सिलिंडरच्या रॉडशी जोडणाऱ्या पिनेत स्प्लिट पिनऐवजी कुणीतरी ती तार घातली होती. तारेचा एक पाय झिजून तुटला होता. दुसरा पाय घाटात तुटला असता तर पिन निसटली असती, आणि आप्पांनी कितीही जोर लावला असता तरी तो चाकापर्यंत पोहोचला नसता. मुख्याध्यापकांनी सहल दोन दिवस पुढे ढकलली. सर्वांचे चेहरे पडले, डबे भरून झाले होते; पण त्यांनी कुणाचे ऐकले नाही. धुळ्याच्या लेथवर गनमेटलचे नवे बुश करून घेतले, नवी पिन आली आणि मगच गाडी निघाली.

त्या दिवशी पाहिलेली रीत मी आजही वापरतो. इंजिन बंद करून, चाकांना दगडाची उटी लावून आरंभ करावा. पेडल हाताने आडवे हलवून पाहावे. केवळ पेडल डुलत असेल तर बुश झिजले आहे. शाफ्टही सोबत हलत असेल तर ब्रॅकेटचे बोल्ट सैल आहेत किंवा सांगाड्याला तडा गेला आहे. नंतर पेडल बोटाने हलकेच दाबावे. ब्रेकला सुमारे अर्धा इंच आणि क्लचला सुमारे एक इंच मोकळी चाल ठीक समजावी. ती जास्त असेल तर एकाने दाबावे व दुसऱ्याने खाली पाहावे. पेडल हलते पण रॉड हलत नाही, तर पिन किंवा तिचे भोक लांबट झाले आहे.

रॉड लगेच हलतो आणि तरीही पाय खोल जातो, तर दोष पेडलात नाही, पुढे आहे. स्पंजासारखे लागले तर पाइपात हवा आहे. दाबून धरल्यावर सावकाश खाली जात राहिले तर मास्टर सिलिंडरचे रबर गेले आहे किंवा कुठेतरी ऑइल गळते आहे. पहिल्या दाबाला खोल आणि लगेच दुसऱ्याला वर आले तर ब्रेक शू झिजले आहेत किंवा त्यांचे अंतर वाढले आहे. तेथे पेडलची नवी बुश बसवून पैसे वाया घालवू नयेत.

क्लचचा हिशोब उलटा असतो. प्लेट झिजत जाते तशी पेडलची मोकळी चाल वाढत नाही, घटते. दुसरीकडे पिना झिजल्या की ती वाढते. त्यामुळे दोन्ही झिजलेल्या गाडीत एक दोष दुसऱ्याला झाकतो आणि चाल बरोबर एक इंच भरते. म्हणून क्लचची चाल फोर्कपाशीही पाहावी.

सैल पेडलखाली वायसर घालून खडखड थांबविता येते, हे मला ठाऊक आहे. खडखड थांबते, झीज थांबत नाही. उलट सूचना देणारा आवाजच बंद होतो. ब्रेकच्या पिनेला तार, खिळा काहीही चालत नाही. स्प्लिट पिन अतिशय स्वस्त मिळते.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुनी जीप, ट्रॅक्टर किंवा टेम्पो आहे. महिन्यातून एकदा रोजच्या ड्रायव्हरखेरीज दुसऱ्याने ते पेडल हाताने पारखावे. ड्रायव्हरने त्यात अपमान मानू नये. सवय झालेल्या पायाला जे जाणवत नाही, ते परक्या हाताला जाणवते. आपल्या शाळेच्या गाड्यांसाठी दर वर्षी जूनमध्ये, वर्ग सुरू होण्यापूर्वी, एक दिवस मी देईन. या व्यवसायातील इतर माजी विद्यार्थ्यांनीही यावे, कारण गाडीखाली एकाने शिरावयाचे तर पेडल दाबावयास दुसरा हवाच. नववी-दहावीतील मुलांना त्या जागी बसवू.